ढुमणे गुरुजींचे न मरणारे महापुरुष

ढुमणे गुरुजी दर आठवड्याला एखादा तरी मंत्री मारायचे, आणि तोही शाळा भरण्यापूर्वी. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत ते आंघोळ करून आल्यासारख्या प्रसन्न चेहऱ्याने शिक्षकांच्या खोलीत यायचे, टोपी खुंटीला लावायचे आणि मला सांगायचे, "आज अर्थमंत्र्याले उडवलं, राऊत मास्तर. एका घोटात."

"कशानं?" मी विचारायचो.

"मठ्ठ्यानं. मठ्ठ्यात काय होतं ते मागून सांगीन. तुमाले आत्ताच काऊन पायजे?"

एवढं बोलून ते चौथीच्या वर्गावर जात आणि 'सदा खरे बोलावे' हा धडा अगदी मनापासून शिकवत. हिंगणघाटहून बदलून आलेल्या एका मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्यांना "गृहमंत्र्याले पुलगावच्या पुलावर घेतो, तिथं वर्दळ नसते" असं म्हणताना ऐकलं आणि दुपारच्या सुट्टीत हेडमास्तरांकडे परत बदली मागितली.

ही गोष्ट आर्वीची, नागपूर राजधानी होतं तेव्हाची. गुरुजी पेशाने शिक्षक आणि स्वतःच्या मते कादंबरीकार. लिहायचे मात्र दोन तऱ्हेचं. सकाळी राजकीय रहस्यकथा, संध्याकाळी बालकांसाठी थोरामोठ्यांची चरित्रं. सकाळी माणसं मारायची आणि दिवे लागायच्या आत माणसं घडवायची असा त्यांचा नेम होता. एकच बोरू, एकच दौत, त्यामुळे सकाळचं थोडंफार संध्याकाळी उतरायचंच. एका संताच्या बालचरित्रात मी स्वतः वाचलेलं वाक्य असं होतं: 'अंगणात खेळत असताना कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे, असे त्या बालकाला वाटले. त्याने झटकन मागे वळून पाहिले. ती त्याची आई होती.' उलट रहस्यकथेतले मारेकरी लहानपणापासून आज्ञाधारक असत, वडीलधाऱ्यांचा मान राखत, आणि म्हाताऱ्या मंत्र्यावर पिस्तूल रोखण्यापूर्वी त्याला वाकून नमस्कार करत.

राजकारणाची त्यांची माहिती म्हणाल, तर त्यांनी नागपूरचं विधानभवन एकदा बाहेरून पाहिलं होतं. फाटकाशी उभं राहून शेंगा खात होते, तेवढ्यात शिपायाने हाकललं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खं मंत्रिमंडळ उभं केलं. त्यांचे मंत्री बाभळीच्या काडीने दात घासत, ओट्यावर बसून फायली पाहत. 'मुख्यमंत्र्यांचा दुसरा खून' या त्यांच्या गाजलेल्या कादंबरीत (पहिल्या खुनात तोतया मेला होता) मुख्यमंत्री बंगल्यामागच्या गोठ्यात म्हशीला सरकीची ढेप घालत असताना मागून गोळी सुटते. मी म्हटलं, "गुरुजी, मुख्यमंत्री स्वतः ढेप घालतील?" गुरुजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "राऊत मास्तर, दूध तर पितेत ना?"

पाठलाग मात्र ते झकास लिहीत. त्यांच्या प्रत्येक कादंबरीत भरधाव आगगाडीतला एक पाठलाग असे आणि ती आगगाडी नेहमी पुलगाव-आर्वीचीच असे, कारण दुसऱ्या गाडीत ते फारसे बसलेच नव्हते. आता आमची ती छोटी गाडी! चालत्या गाडीतून उतरून, बोरं तोडून, पुन्हा त्याच डब्यात बसता यायचं. पण गुरुजींचा हेर तिच्यातून उडी मारायचा म्हणजे जिवावर उदार होऊन. गावातले लोक ते पान एकमेकांना वाचून दाखवत आणि पोट धरून हसत. गुरुजींना वाटे, थरारले.

लिहिलेली प्रत्येक गोष्ट आधी करून पाहायची, हा त्यांचा खाक्या. एकदा त्यांना एका मंत्र्याचं प्रेत रुईच्या गाठीत दाबून जहाजाने परदेशी पाठवायचं होतं. प्रेताला कापसात कसं वाटत असेल हे कळल्याशिवाय लिहिणार कसं? म्हणून रविवारी ते कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारात गेले, कपाशीच्या ढिगाशी आडवे झाले आणि अंगावर कापूस ओढून घेतला. नेमका तेव्हाच बाजारातून आलेल्या कापसाच्या बैलबंड्या रिकाम्या व्हायला लागल्या. प्रेत पार गडप झालं. टोपल्या घेऊन रेजा, म्हणजे मजूर बाया, आल्या, कापूस ओढायला लागल्या, आणि एकीच्या हाताला गुरुजींचं नाक लागलं. तिच्या किंकाळीने सारं जिनिंग गोळा झालं. ढिगातून टोपीपासून वहाणांपर्यंत पांढरे झालेले गुरुजी उठून बसले आणि सगळ्यांना धीर देत म्हणाले, "भिऊ नका बायाहो, मी मेलेला मंत्री हाय."

त्यानंतर रेजा काही दिवस त्या ढिगाकडे फिरकल्या नाहीत. गुरुजींचं प्रकरण मात्र फार वठलं.

ही पुस्तकं छापायचे शिवनारायणजी. लग्नपत्रिका, जिनिंगच्या पावत्या आणि गुरुजी, एवढ्यावर त्यांचा छापखाना चालायचा. रहस्यकथा स्टेशनांवर खपत, त्यांच्या जिवावर चरित्रं निघत. चरित्रांबद्दल त्यांची एकच तक्रार होती आणि ती खरी होती. गुरुजींच्या चरित्रातला महापुरुष कधी मरतच नसे. सकाळी मंत्र्यांची चळत लावणारा हा माणूस, पण संध्याकाळी त्याच्या हातून चिलटही मरायचं नाही. महापुरुष जन्मायचा, शिकायचा, हाल सोसायचा, मोठा व्हायचा आणि शेवटच्या पानावर 'आजही ते पहाटे लवकर उठतात' असं म्हणून पुस्तक संपायचं. मग तो महापुरुष पाचशे वर्षांपूर्वीचा का असेना.

याचे परिणाम आम्हाला भोगावे लागले. एका वर्षी चौथीच्या मुलांनी अशाच एका प्राचीन गणितज्ञांना स्नेहसंमेलनाचं आमंत्रण धाडलं. पोरं रोज विचारू लागली, "गुरुजी, येऊन राह्यले ना ते?" संमेलनाच्या दिवशी हेडमास्तरांनी कटकट नको म्हणून व्यासपीठावर एक जास्तीची खुर्ची मांडली. गुरुजी उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "प्रमुख पाहुणे कार्यबाहुल्यामुळे येऊ शकले नाहीत. त्यांनी आशीर्वाद कळवले आहेत." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमचा प्रदेश मुंबईच्या राज्यात गेला. नागपूरची राजधानी गेली याचं दुःख विदर्भात पुष्कळांना झालं, पण गुरुजींइतकं व्यक्तिगत नुकसान कोणाचंच झालं नाही. कादंबरी निम्मी लिहून झाली होती, कटवाले मंत्र्याच्या बंगल्यात शिरले होते, आणि मंत्रीच मुंबईला निघून गेला. "आता मी मुंबईचा खून कसा करू?" ते मला म्हणाले. "तिथं म्हशी कुठं बांधत असतीन, तेबी मले माहीत नाई." त्यांनी नेटाने एक मुंबईची कादंबरी लिहिली. तिच्यात मंत्री समुद्रावरून कावडीने पाणी आणतो. ती खपली नाही.

शिवनारायणजींनी हात जोडले. "गुरुजी, अब ये मंत्री-वंत्री नहीं चलेंगे. एखादं चरित्र शाळांसाठी मंजूर करून आणा, तर छापतो. नाही तर राम राम."

म्हणजे गुरुजींची लेखणी चालू राहायची की बंद पडायची, हे एका चरित्रावर येऊन ठेपलं. त्यांनी उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या एका खलाशाचं चरित्र लिहायला घेतलं. मे महिना, आर्वीचं ऊन, डोक्यावर ओला पंचा, आणि गुरुजी लिहीत होते, 'चहूकडे बर्फच बर्फ.' बर्फ त्यांनी आयुष्यात फक्त शरबताच्या गाडीवर पाहिला होता. पण पुस्तक मात्र सुरेख उतरलं. मी खोटं बोलत नाही, ते वाचताना भर उन्हाळ्यात मला पांघरूण घ्यावंसं वाटलं. शेवट अर्थात नेहमीचाच. खलाशी मजेत.

पुस्तक निवड समितीकडून शाळांचे एक इन्स्पेक्टरसाहेब आले. भला माणूस. पुस्तकाची तोंडभर स्तुती करून म्हणाले, "पण गुरुजी, हे गृहस्थ वारले."

"संशयाला जागा आहे," गुरुजी म्हणाले. हे त्यांच्या हेराचं वाक्य होतं आणि अडचणीत ते स्वतःच वापरत.

"संशय कसला? माणूस बर्फात गेला तो परत आला नाही."

"कोणी पाह्यला का मेलेला?"

"अहो, त्याला शंभरावर वर्षं झाली! बर्फातून वाचला असता तरी आज असता का?"

साहेबांनी समजूत घातली, की चरित्र म्हटलं की जन्म आला तसा मृत्यूही आला, मुलांना खोटं शिकवता येणार नाही, एक लहानसं प्रकरण जोडा, जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत पुस्तक लावतो. गुरुजींनी मान हलवली नाही. साहेब गेल्यावर शिवनारायणजी कपाळाला हात लावून म्हणाले, "गुरुजी, इतने मंत्री मारे, एक खलाशी नहीं मार सकते?"

मलाही रागच आला होता. घरी जाताना वाटेत मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. हा हट्ट कशापायी? उद्यापासून लिहिणं बंद झालं तर सकाळी उठून करणार काय? गुरुजी मारुतीच्या पाराशी थांबले आणि चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या घरी तीनदा पाळणा बांधला, राऊत मास्तर. तुमी यायच्या आधीची गोष्ट. एकबी पोट्टं अंगणात चाललं नाई."

यमुनावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मूलबाळ नाही एवढंच मला ठाऊक होतं.

"तिले वाचता येत नाई," गुरुजी म्हणाले. "चरित्र मी तिलेच वाचून दाखवतो, अन् मंग छापतो. पुस्तकातलं पोरगं जन्मलं का तिचंच होते. त्याले ताप आला का ही बेचैन. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी मी माणूस मारलाता. चांगला ऐंशी वर्षांचा करून मारला. तरी हिनं चूल पेटवली नाई. म्हणे, 'यालेबी नाई ठेवलं तुमी?'" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मंत्र्यायचं तिले काई नाई. ते पहिल्या पानापासून मोठेच असतेत."

आठ-पंधरा दिवस गेले. मग एकदा त्यांनी प्रकरण लिहून शिवनारायणजींकडे दिलं. मला म्हणाले, "मारला." एवढंच म्हणाले. कशाने, कुठे, काही नाही. पुस्तक मंजूर झालं, छापून आलं, जिल्हाभरच्या शाळांत गेलं, आणि छापखान्यात पेढे वाटले गेले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. कोरं पुस्तक गुरुजींच्या मांडीवर होतं. "छापलेलं ऐकायचं म्हणते," ते मला म्हणाले. "शेवट बदलला हे कळलं तिले, तेवढाच राह्यला."

ते वाचू लागले. मी शेजारीच बसलो होतो, पान मला दिसत होतं. जहाज बर्फात अडकलं, सोबती एकेक करून थकले, खलाशी एकटा चालत निघाला. इथपर्यंत छापल्याप्रमाणे होतं. पुढचं प्रकरण 'अखेर' या मथळ्याचं होतं.

वहिनींचा सुपातला हात थांबला. "मंग? पोचला का तो घरी?"

"ऐक तर," गुरुजी म्हणाले. त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि वर्गात वाचतात तसं स्वच्छ वाचलं, "'पुष्कळ दिवस चालून तो आपल्या गावी पोचला. दाराशी त्याची आई उभी होती.'" बोटाखाली छापलं होतं: 'त्याचे पुढचे पाऊल पडले नाही.'

"अवो माय," वहिनी म्हणाल्या. "काय रांधलं तिनं?"

गुरुजींनी पान उलटलं. "'आईने त्याला गरम भाकर आणि झुणका वाढला.'" पण तिथून पुढे, एवढी माणसं मारलेल्या या माणसाला, एक वाक्य सुचेना. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "तुमी वाचा राऊत मास्तर. माह्या घशाले काई तरी झालं."

मी जन्मात कधी एक ओळ रचलेली नाही. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. समोरच्या पानावर त्या खलाशावर बर्फ पडत होता, आणि गुरुजींनी तो इतका चांगला पाडला होता, की मला अक्षरं दिसेनात. शेवटी मी वाचलं, "'भाकर खाऊन तो झोपला. सकाळ झाली, ऊन वर आलं, तरी आईने त्याला उठवलं नाही.'"

वहिनींनी सुपातले तांदूळ हलकेच पाखडले.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "लय थकला असन."