बेण्यातच हाय!

"बेगुनाह हाय ती! खोला पिंजरा!"

बसवंतअप्पा ओरडत होते. अप्पा देवणीत नुसते खोकले तरी उदगीरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडतात. इथं तर ते माकडं पकडणाऱ्याच्या टेम्पोपुढं आडवे पडून ओरडत होते.

पिंजऱ्यात एक वानरी. आरोप असा की तिनं लग्नाच्या मांडवातून लाडूंचं ताट पळवलं आणि आडव्या आलेल्या नवरदेवाच्या मामाच्या मुस्काटात लगावली. शिक्षा, दूर जंगलात रवानगी. तिचं पिल्लू चिंचेवर चिरकत होतं.

अप्पा आमचे शेजारी. पेंडीचं दुकान. आमच्या गावच्या बैलांचं नाव मोठं, त्यामुळं जनावराचा स्वभाव रक्तातून उतरतो हे इथं कुणीही सांगेल. अप्पांनी ते वानरांना लावलं. जसं बेणं लावाल तसा ऊस, तसंच वानराचं, तसंच माणसाचं. माझ्या हातून चहा सांडला तरी म्हणणार, "तुझा आजा बी सांडायचा. बेण्यातच हाय!"

वानरांची ते परीक्षा घेत. गच्चीवर जाऊन लाल फुलांची बायकी छत्री फाडकन उघडायची. धीट वानर ती ओढायला येतं, भित्रं पळतं. "ऊन असो, पाऊस असो, पोट भरलेलं असो का रिकामं, पळणारं पळतंच!"

"अप्पा, उठा. सगळी वानरं सारखीच," टेम्पोवाला म्हणाला.

"तू अन् तुझा भाऊ सारखेच का मग? अरे, हिची आई भित्री होती, ती मेली. धीट मावशीनं वाढवली हिला. मावशीची लेक अन् ही, दोघी एकाच दुधावर. लेक धीट निघाली, ही आईवानी भित्रीच. मामाला मारणारी ती लेक हाय!"

अप्पा उठले, तरातरा घरातून छत्री घेऊन आले आणि पिंजऱ्यापुढं फाडकन उघडली. वानरी कोपऱ्यात गेली, दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली.

"ही मामाला मारंल?"

तेवढ्यात मांडवावरून मावशीची लेक उतरली. तिनं छत्री टराटरा फाडली आणि जाता जाता टेम्पोवाल्याच्या गालावर ठेवून दिली. खोटं वाटत असेल तर अर्ध्या गावाला विचारा. उरलेलं अर्धं पळालं होतं.

टेम्पोवाल्यानं गाल चोळत पिंजरा खोलला. पिल्लू चिंचेवरून घसरत आलं आणि आईच्या पोटाला चिकटलं. लोक टाळ्या वाजवत राहिले. अप्पा मात्र छत्रीच्या काड्या सरळ करत बसले.

ती छत्री त्यांच्या मुलीची, शारदाची. मनासारखं लग्न करून ती नांदेडला गेली. जाताना बाप नको ते बोलला, लेकही बोलली. तेव्हापासून आधी फोन कुणी करायचा यावर दोघंही अडून. घरात अप्पा एकटेच.

"लावा की फोन," मी म्हणालो. "का बेण्यातच न्हाई?"

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पिंजऱ्याकडं सरकलो. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला.

"तू लाव. म्हंजे मी लावला न्हाई."

मी स्पीकरवर लावला. तिनं उचलला. कबुतरं उडवणारा आवाज कुठं गेला कोण जाणे.

"शारदे... तुझी छत्री फाटली."

पलीकडून सपाट आवाज आला.

"शिवून ठेवा. रविवारी येते न्यायला."