अकरा ऑगस्टचा खड्डा

नेलिदाच्या दारासमोर खड्डा पडला होता आणि तिच्या रस्त्याचं नाव ‘अकरा ऑगस्ट’ होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तिला सुरुवातीला वाटलं नव्हतं.

तिचा नवरा अन्सेल्मो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाई. रुग्णवाहिका खड्ड्यापलीकडे थांबे आणि नेलिदा त्याला चाकाच्या खुर्चीसकट फळीवरून ढकलत नेई.

रस्ते विभागाने तिचा अर्ज शिक्का मारून पुढे ढकलला. तारखेचं नाव असलेला रस्ता इतिहासात मोडतो, म्हणून प्रकरण दिनविशेष विभागाकडे गेलं. तिथे ओलेगारिओ बेंतांकुर बसत. बगलेत थर्मास, तोंडात कडू हिरवा चहा ओढायची नळी.

“बुजवायला आमची ना नाही, दोन्या नेलिदा.” बाईमाणसाच्या नावाआधी ते अदबीने ‘दोन्या’ लावत. “पण डांबरासोबत पाटी बसवावी लागते. अकरा ऑगस्टला काय झालं, ते तिच्यावर लिहायचं.”

“काय झालं?”

“तेच कुणाला माहीत नाही.”

“नाव तुम्हीच दिलंत ना, साहेब?”

“आमच्या आधीच्यांनी. पण रस्त्याला तारीख दिलीय म्हणजे काहीतरी झालंच असणार.”

त्यांनी जगाच्या दिनविशेषांचा जाडजूड ग्रंथ उघडला. अकरा ऑगस्टला कुणीसा भिंग घासणारा जन्मला होता, कुठलीशी आगबोट बुडाली होती आणि एका इंजिनाने पहिली शिट्टी मारली होती.

“इंजिनाचं लिहा की.”

“आपल्या गावात रेल्वे येत नाही, बाई. विरोधक मला उभा सोलतील.”

मग समिती बसली. विज्ञानाच्या मास्तरांना धूमकेतू हवा होता. निवृत्त कर्नलना लढाई हवी होती. लढाई शिल्लक नसेल तर निदान तह. समिती दोन वर्षं बसली. खड्डा बसून राहिला नाही. तो रस्त्याएवढा रुंद झाला, आणि नेलिदाने लांब फळी आणली.

एका सकाळी बेंतांकुर स्वतः दारात आले. चेहरा उजळलेला.

“सापडलं. गावच्या दप्तरात अकरा ऑगस्टची एकच नोंद आहे. तुमचा अर्ज.”

“खड्ड्याचा?”

“सही, शिक्का, आवक क्रमांक. एवढा पुरावा कुठल्या लढाईलाही नसतो.”

“मग आता तरी बुजवा.”

बेंतांकुर दुखावले. “ऐतिहासिक वास्तू बुजवायची?”

येत्या अकरा ऑगस्टला समारंभ ठरला. खड्ड्याला कठडा आला. फोटोत बरी दिसत नाही म्हणून फळी हलवण्यात आली. पांढरे डगले आणि निळे बो घातलेली शाळेची मुलं आमच्याकडच्या ऑगस्टमधल्या ऐन हिवाळ्यात कुडकुडत रांगेत उभी राहिली. नेलिदाच्या छातीवर पदक लागलं. तेवढ्यात पलीकडे रुग्णवाहिकेने भोंगा वाजवला. मंगळवार होता, अन्सेल्मोची पाळी होती.

“फळी कुठंय?” नेलिदा कुजबुजली.

“राष्ट्रगीत चालू आहे, दोन्या नेलिदा. हलू नका.”

आमचं राष्ट्रगीत लांबलचक आहे. ते संपायच्या आत भोंगा थांबला. मग मास्तर ‘खड्डा आणि गुरुत्वाकर्षण’ यावर सविस्तर बोलले. कर्नलनी खड्ड्याला सलामी दिली. एका मुलीने अर्जाचा मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला, ‘आपली विश्वासू’पर्यंत, आणि पहिलं बक्षीस पटकावलं. शेवटी सगळ्यांना गरम एम्पानादा, म्हणजे आमच्याकडच्या खिम्याच्या करंज्या, मिळाल्या. त्या मात्र खरोखर उत्तम होत्या.

अकरा ऑगस्टला काय झालं, हे आता गावातलं शेंबडं पोरही सांगतं, आवक क्रमांकासकट. बाहेरगावाहून सहली येतात, कठड्याला टेकून फोटो काढतात. त्या दिवशी अन्सेल्मो इस्पितळात पोचला का, हे अजून कुणी विचारलेलं नाही. एम्पानादा खाताना तुम्हीही नाही विचारलंत.