केलेलं काम पाहण्यासाठी रजा

आंबेशेत नगरपरिषदेत एक्केचाळीस वर्षं नोकरी केलेल्या 'डू द नीडफुल' या इंग्रजी वाक्प्रयोगाने सोमवारी सव्वाअकरा वाजता रजेचा अर्ज दिला आणि तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

अर्ज वाचून हेडक्लार्क कुमुद रेडकरबाईंनी कपाळाला हात लावला. याला हाच आठवडा सापडला! एक्केचाळीस वर्षांत हा एक दिवस गैरहजर नाही. ताप नाही, लग्नकार्य नाही, गावाकडे कुणी आजारी नाही. वरच्या खात्याला जाणारं इंग्रजी पत्र शेवटाला आलं, की हा मुकाट्याने तिथे जाऊन उभा राहायचा. 'जे काय करायचं ते करा' एवढं त्याने सांगितलं की पत्र संपलं. तिकडून उत्तर यायचं त्याच्या शेवटीही हाच. वरच्या खात्याने स्वतःचा वाक्प्रयोग कधी नेमलाच नव्हता. आंबेशेतचा आलाच आहे, तर परतीच्या पत्रावर तोच चालवून घ्यायचे. कचेरीत सगळे त्याला नीडफुलदादा म्हणत.

आणि शुक्रवारी अंजनाबाई वायदंड्यांची फाइल बंद होणार होती.

अंजनाबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. आंबेशेतच्या दवाखान्याला सोळा दगडी पायऱ्या आहेत, आणि धरायला काही म्हणजे काही नाही. इमारत वरच्या खात्याच्या मालकीची, त्यामुळे खिळा ठोकायचा तरी त्यांना इंग्रजीत विचारायचं. बारा वर्षांपूर्वी बाईंनी रेलिंगसाठी अर्ज केला. सहाव्या वर्षी त्या पडल्या आणि खुबा मोडला. तेव्हापासून रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दर मंगळवारी त्या काठी टेकत चढतात आणि उतरताना बसून, लुगडं सावरत, एकेक पायरी खाली सरकतात. रस्त्यावरची माणसं तेवढा वेळ दुसरीकडे बघतात. आता नियम असा, की बारा वर्षं पुरी व्हायच्या आत शेवटचं स्मरणपत्र गेलं नाही, तर प्रकरण दप्तरबंद. मग अर्जदाराने पहिल्या अर्जापासून सुरुवात करायची.

कुमुदताई तरातरा बाकापाशी गेल्या. "दादा, हे काय भलतंच काढलंत?"

"कारण लिहिलंय, बाई."

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : केलेलं काम एकदा पाहणे.

"कुठलं काम?"

"कुठलंही. एक्केचाळीस वर्षं मी सांगतोय, करा म्हणून. केल्यावर ते कसं दिसतं हे मी पाहिलेलं नाही."

"अहो, मग पाहून या की! कोण अडवतंय तुम्हाला?"

"रजेच्या काळातला पत्ता लिहावा लागतो," नीडफुलदादा शांतपणे म्हणाला. "तो रकाना तेवढा तुम्ही भरून द्या."

कुमुदताईंनी जुनी रजिस्टरं काढली. त्याने ज्या ज्या पत्रावर काम केलं होतं ती सगळी चाळली. पाण्याची टाकी, स्मशानाचं फाटक, बाजारातली मुतारी. दुपारचे चार वाजले तरी एक पत्ता सापडेना. शिपाई म्हादबा म्हणाले, "ताई, फाटकाचं खांब तरी उभं हायत." पण खांब त्याच्या नेमणुकीच्या आधीचे निघाले.

मुख्याधिकारी सातपुतेसाहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मग बदली माणूस घ्या. इंग्रजीत काय एकच आहे का?"

मंगळवारी सकाळी जिल्ह्याहून तीन बदली वाक्प्रयोग आले. 'टेक नेसेसरी अॅक्शन' भलताच ताठ निघाला. पत्र वरच्या खात्याला जाणार म्हटल्यावर खुर्चीवर बसायलाही तयार होईना. "मी खालच्यांना सांगतो," तो म्हणाला. "वरच्यांना सांगायला लावून माझी नोकरी घालवू नका." आणि आल्या पावली परत गेला. 'काइंडली लुक इन्टू द मॅटर' त्या मानाने फार गोड. चहा घेतला, सगळ्यांची विचारपूस केली, हात पाठीमागे बांधून दवाखान्यापर्यंत गेला, पायऱ्यांकडे बघितलं, परत आला. "पाहिलं," म्हणाला, आणि दिवस भरल्याची सही मागू लागला. कुमुदताईंना त्याच्या डोक्यात रजिस्टर घालावंसं वाटलं.

तिसरा होता 'प्लीज इन्स्टॉल'. अंगाने लहानखुरा, बाह्या वर सारलेल्या. येताक्षणी त्याने विचारलं, "काय बसवायचंय? कुठल्या बाजूला? किती फूट?"

कचेरीत सगळे फाइलकडे बघू लागले.

दोनशे चौदा पानांची फाइल कुमुदताईंनी पहिल्यापासून शेवटापर्यंत उलटली. तीत स्मरणपत्रं होती, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं होती, पोचपावत्या होत्या. फूट कुठेच नव्हते. बारा वर्षांत एकाही माणसाने पायऱ्या मोजल्या नव्हत्या! पहिलं पत्र कुमुदताईंच्याच अक्षरात होतं. नव्या नोकरीत किती झोकदार लिहिलं होतं त्यांनी. आणि शेवटी नीडफुलदादाला उभं करून त्या मोकळ्या झाल्या होत्या. त्यांना स्वतःचाच संताप आला. म्हादबांकडून टेप घेतला आणि त्या दवाखान्याकडे निघाल्या. 'प्लीज इन्स्टॉल' त्यांच्या मागोमाग गेला, कारण तो ड्युटीवर होता.

अंजनाबाई नवव्या पायरीवर बसलेल्या होत्या. गोळ्यांची पुडी दातांत धरली होती, कारण दोन्ही हात पायरीला टेकलेले. कुमुदताईंना बघून त्यांनी पुडी मांडीवर ठेवली.

"मापं घेतेस व्हय गं?"

"हो, मावशी. पत्रात लिहायला पाहिजेत."

"लिही बाई, लिही. पर जरा बाजूला हो. मला आजून आठ उतरायच्यात."

कुमुदताई बाजूला झाल्या. आठ पायऱ्यांना किती वेळ लागतो ते त्यांनी पहिल्यांदाच नजर न वळवता पाहिलं. शेवटी त्यांनी हात पुढे केला, तेव्हा अंजनाबाई म्हणाल्या, "आज देशील. फुडल्या मंगळवारी कोण?"

"चला," कुमुदताई 'प्लीज इन्स्टॉल'ला म्हणाल्या.

दोघं थेट युनूसभाई वेल्डरच्या दुकानात गेले. एकवीस फूट, डाव्या बाजूला, असं 'प्लीज इन्स्टॉल'ने सांगितलं. मोडलेल्या थिएटरचे पाइप युनूसभाईंकडे सात वर्षं पडून होते. नाहीतरी ते पायात येत होते. "परवानगी आहे ना, ताई?" त्यांनी विचारलं.

"युनूसभाई, आज मला काहीही विचारू नका. उद्या दुपारी हे उभं पाहिजे."

बुधवारी दुपारी ते उभं राहिलं.

कुमुदताईंनी रजेच्या अर्जातला रकाना भरला : 'दवाखान्याच्या पायऱ्या, आंबेशेत.' नीडफुलदादाने पत्ता दोनदा वाचला आणि दप्तर घेऊन निघाला.

शुक्रवारी सातपुतेसाहेबांनी विचारलं, "स्मरणपत्र गेलं का?"

"नाही, साहेब."

"अहो बाई, मग फाइल बंद होईल!"

"केली बंद. काम झालं."

साहेब म्हणाले, "असा शेरा आपल्याकडे आहे का?" शिक्क्यांचा डबा धुंडाळला. तसा शिक्का नव्हता. कुमुदताईंनी हाताने लिहिलं.

तीन आठवड्यांनी वरच्या खात्याचं पत्र आलं. साहेबांनी ते कुमुदताईंच्या टेबलावर ठेवलं आणि वाचायला सांगितलं. आपल्या इमारतीच्या पायऱ्यांवर विनापरवाना रेलिंग उभारल्याचं निदर्शनास आलं आहे, खात्याने या गोष्टीची अतिशय गंभीर दखल घेतली आहे, तरी आपणांस कळविण्यात येते की आपण तातडीने कृपया

त्यापुढे कागद कोरा होता. खाली सही आणि शिक्का.

"पुढचं पान?" साहेबांनी विचारलं.

"एवढंच आहे, साहेब. शेवटाला उभं राहायला त्यांच्याकडे कुणी नाही. आपला रजेवर आहे."

"मग आपण काय करायचं?"

"ते त्यांनी कळवलेलं नाही," कुमुदताई म्हणाल्या आणि पत्र बंद फाइलला लावून टाकलं.

त्या दिवशी मंगळवार होता. जेवणाच्या सुट्टीत कुमुदताई दवाखान्यावरून गेल्या. अंजनाबाई उभ्याने उतरत होत्या. डावा हात पाइपवर, उजव्या हातात गोळ्यांची पुडी. मधेच थांबून त्या समोरून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारून भाजीचा भाव विचारत होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर नीडफुलदादा बसला होता. बाई जवळ आल्या तसा तो सरकला आणि त्यांना वाट करून दिली.

परत आल्यावर कुमुदताईंच्या टेबलावर रजा वाढवून मिळण्याचा अर्ज होता. पत्ता तोच. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : अजून पाहून झालेलं नाही.

कुमुदताईंनी मंजुरीचा शिक्का मारला.