खिडकीला ठोकलेल्या फळ्या

कुशाबाने अखेर खिडकी उघडली. पण नेरे गावात कुणी विचारलं तर ती उघडलेली नाही, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

ती खिडकी विठ्ठलरावाच्या अंगणाकडे होती. विठ्ठलराव म्हणजे कुशाबाचा धाकटा चुलतभाऊ. बांधावरून दोघांचं वाजलं, तेव्हा “तुझ्या अंगणातला वारासुदिक नको मला,” असं चारचौघांत सांगून कुशाबाने खिडकीला फळ्या ठोकल्या. तेव्हापासून त्या खोलीत हवा नव्हती, पण इभ्रत भरपूर होती.

कुशाबाच्याच घरात वरच्या मजल्यावर आरोही भाड्याने राहायची, हिंजवडीच्या कंपनीतली. तिने हवा तपासायचं एक यंत्र आणून त्या बंद खोलीत ठेवलं. आठवड्याने त्याचा दिवा लाल झाला.

“काका, रेडॉन गॅस आहे. जमिनीतून येतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साठतो. वर्षानुवर्षं छातीत गेला की कॅन्सरचा धोका वाढतो.”

“माझ्या जमिनीतनं?” कुशाबा तापला. “आमची जमीन तसली न्हाई. इठ्ठलच्या बाजूनं आला आसंल.”

“फरशीच्या भेगा बुजवा आणि ती खिडकी उघडा.”

कुशाबा भेगांवर तुटून पडला. रागाच्या भरात पलंगाचा एक पायही सिमेंटात पक्का झाला. दिवा लालच राहिला.

मग त्याच्या बायकोने, सगुणाबाईने, अंथरूण, शेगडी आणि पिठाचा डबा उचलला आणि ती आरोहीकडे वर गेली.

“फळ्या निघस्तवर मी खाली याची न्हाई.”

“आन माझ्या इज्जतीचं काय?”

“ती हाय की सोबतीला. तिलाच सांगा भाकरी थापायला.”

कुशाबा वडापाववर आला. त्यात रागाने त्याला भूक लई लागायची. शेवटी विठ्ठलराव पिरंगुटला निघालेला बघून भरदुपारी त्याने पहार लावली. फळ्या निघाल्या, खिडकी उघडली, आणि समोर विठ्ठलराव उभा. त्याची बस चुकली होती.

“काय दादा, वारा घेतोयस?”

“फळ्या बदलतोय.”

“घे, घे. आमच्याच अंगणातला हाय.”

“तुझा वारा आत येत न्हाई,” कुशाबा दात खात म्हणाला. “माझा गॅस भाईर चाललाय. तुझ्याकडं.”

विठ्ठलराव दोन पावलं मागे सरला. “आमच्या हद्दीत सोडतोस व्हय? थांब, तक्रारच करतो.”

“अहो, मोकळ्या हवेत तो विरून जातो,” आरोही गच्चीवरून सांगत होती. पण तिला बांधाचा इतिहास ठाऊक नव्हता, म्हणून तिचं कुणी ऐकलं नाही.

काही दिवसांनी दिवा हिरवा झाला. सगुणाबाई शेगडीसकट खाली आली, भाकऱ्या सुरू झाल्या. कुशाबाचा पारा तेवढा उतरला नाही. विठ्ठलरावाच्या आधी त्यानेच तहसील कचेरीत अर्ज टाकला:

“सदर गॅस विठ्ठलराव यांच्या हद्दीतून जमिनीखालून माझ्या घरात घुसला असून तो त्यांना परत करण्यात आला आहे. तरी भूमापकामार्फत गॅसची मोजणी करून हद्द कायम करावी. तसेच माझी खिडकी कधीही उघडली गेलेली नाही, असा दाखला, खिडकी उघडी असताना समक्ष पाहणी करून, मिळावा, ही नम्र विनंती.”