चोपन्न निळी वानरं

बिरदेवने सोमवारी वानरं मोजली तेव्हा ती त्रेचाळीस भरली. मंगळवारी एकसष्ट झाली. बुधवारी एकोणतीस. गुरुवारी तो कागद घेऊन वनपाल मानसिंग साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. साहेबांनी तिन्ही आकडे वाचले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले.

"मंगळवारची बत्तीस वानरं बुधवारी कुठं गेली रं? रजेवर?"

"हालत्यात साहेब. मोजल्यालं वानर फिरून म्होरल्या झाडावर येतं. मग त्याला वळखायचं कसं?"

"ते मला इचारू नगंस. बावीस वर्सं फौजेत माणसं मोजलीत मी. एक मानूसबी कमी-जास्त झाला न्हाई."

मानसिंग साहेब वाईकडचे. घरी ऊस, अंगात फौज. घुमाईच्या राखीव जंगलात त्यांना दहा वर्षं झाली होती, आणि एव्हाना इथल्या गव्यांनी आणि शेकरूंनीही सावधान उभं राहायला शिकायला हवं होतं असं त्यांचं मत होतं. त्यांनी कागद परत सरकवला आणि सांगून टाकलं, की येत्या सोमवारी साताऱ्याहून मोठ्या मॅडम येणार आहेत. वानरांचा आकडा पक्का पाहिजे. नाही मिळाला, तर बिरदेवची हंगामी नेमणूक तिथंच संपली. क्वार्टर खाली करायचं आणि गपगुमान बापाच्या मेंढरांमागं जायचं.

हे ऐकून बिरदेवची बायको पल्लवी हातातलं पीठ तसंच ठेवून उंबऱ्यावर बसली. पल्लवी माणातली, पण माणात ती राहिली किती? मेंढरं जातील तिकडं घर. आज या शेतात, उद्या त्या माळावर. धबधब्याच्या खालच्या अंगाला असलेलं हे दोन खोल्यांचं क्वार्टर म्हणजे तिच्या आयुष्यातलं पहिलं न चालणारं घर होतं. आल्या आल्या तिने भिंतीत अकरा खिळे ठोकले होते. टांगायला वस्तू सहाच होत्या, पण भिंत आहे तर खिळे नकोत? आता ती भिंत जाणार म्हटल्यावर तिला रडूच फुटलं.

"आवं, अडीचशे मेंढरं मोजत हुता तुमी. तवा कवा चुकला न्हाई."

"मेंढराला खूण असती. औषध पाजलं की पाठीवर रंगाचा ठिपका. ठिपका दिसला की झालं त्याचं."

बोलून झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघत राहिली. जगात जेवढे म्हणून घोटाळे होतात, ते नवराबायको असं एकमेकांकडे बघत राहिल्यावरच होतात.

निरोप मिळाल्यावर शुक्रवारी दुपारी बिरदेवचा बाप तात्याबा दहिवडीहून एसटीने निळ्या रंगाचा डबा घेऊन आला. "मेंढराचा हाय, पावसापाण्यानं हालत न्हाई," एवढं सांगून, चहा पिऊन तो परतीच्या गाडीला गेला. कुठल्या मेंढराला लावायचा, हे काही त्याने विचारलं नाही. शहाणा माणूस.

मग दोघांनी रीत बसवली. पल्लवी पुढून भुईमुगाच्या शेंगा धरायची. वानर शेंगांत गुंतलं, की बिरदेव मागून लांब काठीच्या टोकाला बांधलेलं फडकं त्याच्या बसायच्या जागेवर हळूच टेकवायचा. एका दांडग्या नराने त्याला एक थोबाडीत दिली आणि फडक्याचा निळा रंग त्याच्या कानाला फासला गेला, ते त्याने खात्याचं काम म्हणून सोसलं. रविवारी सकाळपर्यंत जंगलात बिनरंगाचं वानर औषधाला उरलं नाही. चोपन्न. दोनदा मोजली, चोपन्न. तीनदा मोजली, तरी चोपन्न. पल्लवीने त्या दिवशी गोड शिरा केला.

शिरा खाऊन होतो न होतो तोच सांगलीच्या विश्रामबागेतले एक प्राध्यापक वीरधवल विद्यार्थ्यांची सहल घेऊन धबधब्यावर आले. विद्यार्थी धबधब्याकडे बघत होते आणि प्राध्यापक वानराच्या पाठीमागे. तासाभरात त्यांनी चित्रफीत काढून मोबाइलवरून जगाला कळवून टाकलं, की सह्याद्रीत निळ्या बैठकीच्या वानरांची नवी जात सापडली आहे. दुपारी चारपर्यंत फाटकाबाहेर साठ गाड्या लागल्या, आणि एकाने भेळेचा गाडाही आणला.

मानसिंग साहेब पळतच आले. बिरदेवला वाटलं, आता खरं सांगून मोकळं व्हावं. पण साहेबांची छाती आधीच फुगली होती.

"वरच्या हापिसात फोन लावला मी. सांगितलं, म्हनलं आमच्या हद्दीत नवी जात गावली. मॅडम लय खूश झाल्या. बिरदेवा, तू एवढी वानरं मोजलीस, तुला निळं दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं की साहेब."

"मग बोलला का न्हाईस?"

"मला वाटलं, असतंय तसं."

आता साहेबांनी फोन केलेला, म्हणजे दोर कापलेले. रात्रभर वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून उजेड आहे तोवर दोघं रॉकेल, फडकं आणि शेंगा घेऊन पुन्हा जंगलात गेली. रंग पुसायला. पण रॉकेलचा वास आला की वानरं शेंड्यावर जायची आणि तिथून शेंगा मागायची. तात्याबाचा रंगही तात्याबासारखाच होता, एकदा बसला की उठायचं नाव नाही.

आणि त्याहून मोठी गोम सोमवारी सकाळी कळली. मोठ्या मॅडम, म्हणजे अंकिता मॅडम, गाडीतून उतरल्या. मुक्कामाला राहिलेले प्राध्यापक हार घेऊन पुढं झाले. तेवढ्यात झाडांवरून वानरं भराभर खाली उतरली, मॅडमसमोर ओळीने बसली, वळून पाठ केली आणि प्रत्येकाने एक हात मागं पसरला. तीन दिवसांत वानरं एवढंच शिकली होती, की माणसाकडं पाठ केली की शेंगा मिळतात.

मॅडम एक पाऊल मागं सरल्या. मग म्हणाल्या, "हे काय आहे?"

"सलामी, मॅडम," मानसिंग साहेब म्हणाले.

"विणीच्या काळातलं विशेष वर्तन असावं," प्राध्यापक वहीत लिहीत म्हणाले.

मॅडमनी वानरांकडे पाहिलं. मग क्वार्टरच्या चौकटीकडे, तिथं उमटलेल्या निळ्या बोटांच्या ठशांकडे. मग बिरदेवच्या निळ्या कानाकडे. "ही नवी जात दारावरपण उगवते का हो?"

बिरदेवने हाताने कान झाकला. पल्लवीच पुढं झाली. "मॅडम, ह्यांची चूक न्हाई. मीच शेंगा दिल्या. आमी मेंढरं अशीच मोजतो. आकडा चुकला तर घर जातंय म्हनून केलं. काय करायचं ते मला करा, पर ह्यांची नोकरी घिऊ नगा." एवढं बोलून ती पदराने डोळे पुसू लागली. प्राध्यापकांनी वहीतलं पान हळूच फाडलं.

"रानातल्या जनावराला रंग लावायचा नसतो, हे तुला ठाऊक नाही?" मॅडमनी बिरदेवला विचारलं.

"आता ठाऊक झालं."

"किती भरली?"

"चोपन्न. तीनदा मोजली."

मॅडमनी गेल्या सालचं रजिस्टर मागवलं. मानसिंग साहेबांना ते लवकर सापडेना. सापडलं तेव्हा त्यात दोनशे दहा वानरं निघाली. त्याच्या आदल्या साली दोनशे, त्याच्याही आदल्या साली एकशे नव्वद.

"दर वर्षी बरोबर दहाच वाढतात?"

"शिस्तीची वानरं हायत, मॅडम," साहेब म्हणाले, पण आवाजातली फौज गेली होती.

"दहा वर्षांत तुम्ही डोंगर किती वेळा चढलात?"

साहेब धबधब्याकडे बघू लागले. मॅडमनी रजिस्टर मिटलं.

"बिरदेव, शिक्षा ऐक. या वानरांचा रंग तू लावलास, त्यांच्यावर नजरही तूच ठेवायचीस. शेंगा आजपासून बंद. शेवटच्या वानराचा रंग जाईपर्यंत इथून हलायचं नाहीस. रोज वर जायचं आणि कुणाचा किती उतरला ते लिहायचं. सगळ्यांचा गेला, की तुझ्या नोकरीचं काय ते ठरवू. आणि मानसिंग, तुम्हीही रोज याच्याबरोबर जायचं. चालत."

गाड्या गेल्या. भेळवाला तेवढा राहिला, त्याचा धंदा बरा चालला होता. मानसिंग साहेब पहिल्याच चढणीवर तीनदा बसून खाली आले आणि पल्लवीकडे पाणी मागून गेले. बिरदेव दमून पायरीवर टेकला.

"किती दिवसांनी जाईल वो त्यो रंग?" पल्लवीने विचारलं.

"केस झडलं की जातोय. चार-पाच म्हैने."

"आन् शेवटच्याचा गेला, की घर गेलं?"

"तसंच म्हणाल्या की."

पल्लवीने आतल्या खिळ्यांवर एक नजर टाकली. तेवढ्यात तो थोबाडीत देणारा दांडगा नर कुंपणावर आला, सवयीने वळला आणि हात मागं पसरून बसला. पल्लवीने त्याच्याकडे नीट बघितलं.

"बाकीच्यांचा जाऊ दे," ती उठत म्हणाली. "ह्या बाबाचा काय जल्मात जाईल असं दिसत न्हाई."

आणि आत जाऊन तिने रंगाचा डबा कानाशी धरून हलवून बघितला.