हत्यारांच्या पेटीचा जीर्णोद्धार आणि थोरल्या साडूंचा पाडाव

वाचकहुजुरांचे सेवेशी विज्ञापना ऐसीजे. मोठमोठ्या लढायांची वर्णने लिहून लिहून दौती आटल्या, तख्ते पालटली, गढ्या पडल्या, हत्ती मेले, त्या सर्वांची नोंद जागच्या जागी जाहली. परंतु एका सेवानिवृत्त हेडक्लार्काने पत्र्याची एक गंजकी पेटी, खजिन्यास फारसा धक्का न लावता, स्वहस्ते रंगविली आणि आपल्या थोरल्या साडूस नामोहरम केले, ही हकीकत कोणी लेखणीवर धरिली नाही. इतिहास असाच नमकहराम. सबब जे जैसे घडले ते तैसे, कोणाची भीड न धरता, धन्यांची तर मुळीच न धरता, लिहितो. चित्त देऊन ऐकावे; चित्त ठिकाणावर नसल्यास चहा घेऊन ऐकावे.

धनी म्हणजे फायलींच्या मुलुखात हयात घालविलेले सरदार, सहीत निष्णात, खिळ्यात बेताचे. त्यांजपाशी हत्यारांची एक लोखंडी पेटी होती. तिचा मूळ रंग निळा, ऐसे धन्यांचे म्हणणे. हिरवा, ऐसे बाईसाहेबांचे. आणि हल्ली फक्त गंज उरला होता व गंजाबद्दल उभयतांत वाद नव्हता. कडी तिरपी, बिजागरी एक शाबूत व एक नावापुरती, आणि झाकण उघडले असता ऐसा आवाज होई की शेजारचे लोक आपापले दार तपासून येत.

शत्रुपक्षी थोरले साडू, बाईसाहेबांच्या ताईंचे यजमान. स्वभाव दिलदार, म्हणजे आपल्या घरात जे जुने होईल ते धाकट्या साडूस देऊन टाकणारे. नवा पंखा घेतला की जुना इकडे, नवी बॅग घेतली की जुनी इकडे, आणि अंगाने सुटले तेव्हा कोटही इकडेच. येणेप्रमाणे धन्यांच्या राज्यात दिवाणखान्यापासून माळ्यापर्यंत साडूंची ठाणी बसली होती. आणि साडूंची स्वारी आली की ठाण्यांची पाहणी होई. "पंखा चालतोय ना रे? जपून वापर हो, मोटर भारी आहे त्याची," ऐसे म्हणत, आणि धनी "हो हो" म्हणत, आणि मग रात्रभर उकडले तरी पंखा लावीत नसत.

ऐसे असता एके रविवारी साडू सहकुटुंब चहास आले आणि ज्या खुर्चीवर बसले तिचा पाय हलला. खुर्चीचा दोष नव्हता; वजनाचा मामला होता. तरी धन्यांनी यजमानकृत्य म्हणोन पेचकस काढण्यास पेटी मागविली, आणि स्वतःच मागविली व स्वतःच आणिली, कारण घरात दुसरे कोणी हुकमाचे नव्हते. पेटी साडूंच्या समोर येते न येते तो तिची मूठ धन्यांचे हाती राहिली आणि पेटी खाली गेली, आणि वर्षानुवर्षांचा गंज उसळोन साडूंच्या पांढऱ्या विजारीवर दरोबस्त पसरला.

साडूंनी विजार झटकिली आणि हसले. रागावले असते तर पुढील अनर्थ टळता.

"अरे, ही पेटी आहे का कुठल्या खोदकामात सापडली? दे भंगारात. माझी जुनी नुसती पडून आहे घरी. पुढच्या रविवारी आणून टाकतो. तुला होईल."

तुला होईल! पंख्याच्या वेळी हेच शब्द, बॅगेच्या वेळी हेच, कोटाच्या वेळी तर पाठीवर हात फिरवून हेच. धन्यांचे कान लाल जाहले. बाईसाहेब मात्र म्हणाल्या, "आणा की भाऊजी. फुकट मिळतेय तर काय वाईट?" घरभेद तो हाच.

पाहुणे गेल्यावर धन्यांनी दिवाणखान्याच्या मध्यभागी उभे राहोन प्रतिज्ञा केली की, साडूंची पेटी या उंबरठ्याच्या आत येणार नाही. आमची पेटी आम्ही रविवारच्या आत नव्यासारखी करू. बाईसाहेबांनी विचारले, "त्यापेक्षा नवीनच का नाही आणत?" तेव्हा धन्यांनी मसलतीचे मर्म सांगितले, ते ऐसे: नवी विकत आणावी तर साडू म्हणणार, मी फुकट देत होतो ना, कशाला ही उधळपट्टी, सबब पेटी हीच हवी आणि खर्च जवळजवळ नाही ऐसा हवा. बाईसाहेब म्हणाल्या, "बरं. घाण बाल्कनीत करा." हीच काय ती सरकारी मंजुरी.

सोमवारी मोहिमेस आरंभ जाहला. प्रथम पेटी रिकामी केली. आतून जी फौज निघाली तीत पक्कड, हातोडी, पेचकस ही मंडळी कामाची. बाकी सगळे खोगीरभरती. ज्यांची कुलुपे कधीच हरवली ऐशा किल्ल्या, वाकलेले खिळे, आणि बाहेर आली की परत आत न जाणारी मोजपट्टी. या सर्वांची छावणी जेवणाच्या टेबलावर पडली. दुपारी ताटे मांडण्याची वेळ आली तेव्हा बाईसाहेबांनी पृच्छा केली, "अहो, आम्ही जेवायचं कुठे?" त्यावर हुकूम जाहला की मोहीम फत्ते होईतो ताटे मांडीवर घ्यावी. मग बाईसाहेबांनी एका हाताने पक्कड उचलोन धन्यांच्या खुर्चीवर ठेविली व स्वतः टेबलाशी बसून शांतपणे जेवल्या. आणि धनी मांडीवर ताट घेऊन जेवले. हुकुमाची तामिली जाहली, यात शंका नाही.

पुढे गंजावर चाल केली. लोखंडी ब्रश विकत घेणे म्हणजे खजिन्यास भगदाड, म्हणोन धन्यांनी स्वयंपाकघरावर छापा घातला आणि भांडी घासण्याची तारेची घासणी व सिरक्याची बाटली हस्तगत केली. मग पेटीवर सिरका ओतावा आणि घासावे, आणि घासावे आणि ओतावा, आणि खांदा भरून आला की दुसऱ्या हाताने घासावे, ऐसे दोन दिवस चालले. बाल्कनीस लोणच्याच्या बरणीसारखा वास आला. आतून आवाज आला, "माझी घासणी कुठाय?" धन्यांनी उत्तर दिले नाही. थोर सेनापती रणात असता घरच्या पत्रांस उत्तरे देत नाहीत.

बुधवारी गंज हटला. परंतु गंजाबरोबर पेटीचा तळही बराचसा हटला. कारण इतकी वर्षे त्या कोपऱ्यात पत्रा नव्हताच, गंजच पत्र्याची नोकरी इमानाने करीत होता. धन्यांनी भोकातून पाहिले तो खाली फरशी स्पष्ट दिसली. बाईसाहेब मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हवेशीर झाली." मग धन्यांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्याचे झाकण कापून आतून लाविले आणि खिडकीच्या काचांस लावितात ती लांबी भरून बुजविले. त्या झाकणावर हसऱ्या बाळाचे चित्र होते. ते बाळ तेव्हापासून पेटीच्या तळाशी पडून वर पाहत हसते आहे, आणि त्यास हसण्यास कारणही पुष्कळ आहे.

आता रंगाचा सवाल. माळ्यावर तीन डबे शिलकीत होते: फाटकाचा हिरवा, खिडकीच्या गजांचा करडा, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीचा पिवळट. एकेका डब्याने पेटी पुरती झाकली जात नव्हती. तेव्हा धन्यांनी तीनही एका बादलीत ओतून काठीने ढवळिले. हयातभर तीन खात्यांचे अभिप्राय एका टिपणीत ढवळलेला मनुष्य, त्यास रंगांची काय मातब्बरी? परंतु पहिले दोन तेलाचे आणि तिसरा पाण्याचा. क्षणात बादलीतला ऐवज नासला, गुठळ्या जाहल्या, पाणी वेगळे, तेल वेगळे. धन्यांनी तरीही एक हात मारून पाहिला. तो पेटीवर चढला, घटकाभर थांबला, आणि सालपटे काढून खाली उतरला.

गुरुवारी धनी बादली घेऊन हार्डवेअरच्या दुकानी गेले. दुकानदार काउंटरवर कोपर टेकून बसला होता आणि गिऱ्हाईक आल्याचे दुःख त्याच्या मुखावर उघड होते.

"घ्यायचंय का नुसतं विचारायचंय?"

"आधी विचारतो, मग घेतो," धनी म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात." त्याने बादलीत डोकावले. "हे कुणी केलं?"

"शेजाऱ्यांनी," धन्यांनी सांगितले. रणनीतीत असत्य माफ असते.

"शेजाऱ्यांना सांगा, डिस्टेंपर आणि ऑइलपेंट एकत्र नांदत नाहीत. पत्रा आहे ना? आधी अस्तराला रेड ऑक्साइड मारा, वाळू द्या, मग ऑइलपेंटचे दोन हात."

"रेड ऑक्साइडचा छोटा डबा?"

"हा सगळ्यात छोटा."

"याहून छोटा?"

"याहून छोटा म्हणजे झाकणाला लागलाय तेवढा. तो चाटून घ्या."

धन्यांनी अपमान गिळला आणि डबा घेतला. मग वरच्या रंगासाठी वाटाघाट सुरू जाहली आणि दुकानदार अर्ध्या तासाने इतका थकला की, त्याने फळीच्या खालून एक चेपलेला डबा काढून आदळला. एका गिऱ्हाइकाने मशीनवर खास बनवून घेतलेला, घरी नेऊन बायकोस दाखविलेला, आणि तासाभरात परत आणिलेला. रंग जांभळा म्हणावा तर तपकिरीकडे झुके, तपकिरी म्हणावा तर वांगे आठवे. "पडेल भावात घेऊन जा," दुकानदार म्हणाला, "पण परत आणू नका. शेजाऱ्यांनाही पाठवू नका." धन्यांनी डबा बगलेत मारिला आणि जणू खंडणी वसूल केली ऐशा डौलाने घरी आले.

बाईसाहेबांनी झाकण उघडून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हा रंग मुद्दाम करतात?"

शुक्रवारी रेड ऑक्साइड, शनिवारी वांगी रंगाचे दोन हात. ब्रश जुना असल्याकारणे त्याचे केस रणी पडत गेले आणि पेटीस बारीक लव फुटली. एक माशी ओल्या झाकणावर उतरली आणि तेथेच कामास आली. तिला उचलताना धन्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. तो झाकण्यास पुन्हा ब्रश फिरविला, तेणेकरून ओघळ आला. ओघळ पुसण्यास फडके लाविले, ते चिकटले. बाईसाहेबांनी ते फडके ओळखिले. त्यांच्या चांगल्या उशीचा अभ्रा होता तो. त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलले नाही आणि मोहिमेतील सर्वांत मोठी शांतता तीच.

आणि तरीही, बखरकारास सांगणे अवघड जाते परंतु सांगितलेच पाहिजे, रविवारी सकाळी ऊन पडले तेव्हा पेटी सुरेख दिसली. लांबून तर फारच. धन्यांनी चष्मा काढून पाहिले तेव्हा अधिकच सुरेख दिसली. नवी मूठ कपाटाच्या दाराची काढून बसविली होती. कपाट आता बोटांनी उघडावे लागते. बाईसाहेबांनी टेबल मोकळे करावे म्हणोन हत्यारे उचलिली आणि पेटीकडे निघाल्या, तो धनी आडवे आले.

"आत नको! ओरखडे पडतील."

"मग ही पेटी आहे कशासाठी?"

हत्यारे एका पिशवीत भरून पलंगाखाली गेली.

संध्याकाळी साडूंची स्वारी ताईंसह आली. पेटी मुद्दाम दाराशी, नजर चुकणार नाही ऐशा जागी ठेविली होती. साडू थबकले. वाकले. चष्मा कपाळावर चढवून झाकणावर बोट फिरविले. सगळ्या घरात, साडूंसाठी मुद्दाम लाविलेल्या त्यांच्याच कर्कश पंख्याशिवाय, काही वाजत नव्हते.

"कुणाकडनं करून घेतलीस?"

"मीच केली."

"तू?" साडूंनी बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेबांनी मान डोलाविली. घरची अब्रू ती घरची अब्रू. "कमाल आहे बुवा. मला वाटलं नव्हतं तुला जमेल. झकास झालीये रे! रंग तर एकदम वेगळा."

इतक्या वर्षांत साडूंच्या तोंडून धन्यांस हा पहिला चांगला शब्द. धन्यांचे ऊर भरून आले, छाती फुगली, जीभ सुटली. "त्यात काय एवढं, साडूभाऊ? डाव्या हातचा मळ आहे माझ्या." बाईसाहेबांनी मागून डोळे वटारले, पायाने पाय दाबला, परंतु विजयी सेनापतीस पायाखालचे काही कळत नसते.

"मग असं कर," साडू म्हणाले. "माझी पेटी आणलीच आहे खाली गाडीत. तुला द्यायला म्हणून आणली होती, पण आता तुला कशाला लागतेय? तीही करून ठेव अशीच. अगदी हाच रंग. घाई नाही हं, तुला फावेल तेव्हा."

"आणा की वर," धनी म्हणाले. "दोन दिवसांचं काम."

मग पेटी वर आली. आकाराने दुप्पट, गंजाने तिप्पट. तिला वाट देण्यास धन्यांची पेटी दारातून थोडी आत सरकली, आणि नवी पाहुणी बाल्कनीत बसली. ताई म्हणाल्या, "बरं झालं बाई, आमच्या गॅलरीत नुसती अडगळ होती." जाता जाता साडूंनी जिन्यावरून हाक मारून आठवण केली, "अरे, आमच्या दोन लोखंडी खुर्च्या पण आहेत बघ, आणतो पुढच्या वेळी!" दार लागले. बाईसाहेब बाल्कनीत गेल्या, त्या पेटीकडे पाहिले, मग धन्यांकडे पाहिले, आणि घासणी आणून धन्यांच्या हाती दिली.

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली. साडूंची जुनी पेटी घ्यावी लागू नये याकरिता हे युद्ध मांडिले होते; ती घ्यावी लागली नाही, फक्त ठेवून घ्यावी लागली, हा फरक सूक्ष्म असला तरी दप्तरी विजय म्हणोनच दाखल होतो. गनीम आपली पेटी धन्यांचे पायी ठेवून, तोंडाने स्तुती करीत, रिकाम्या हाताने परत गेला. वांगी रंगाचा डबा खरवडूनही त्यातून आता काही निघत नाही, हे वृत्त धन्यांच्या कानी अद्याप घातलेले नाही. फत्ते जाहली ऐसे लिहिले आहे. वाचणाराने त्यावर जास्त विचार करू नये.