पडलेल्यांचे नाना

जगात कुठेही सत्ता पालटली की आमच्या पेणमध्ये शेजारचे श्रीधरनाना दाढी करायचं थांबवतात. खुर्चीवरून उतरलेला माणूस कुठल्या विचाराचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. राजा पळाला, दाढी वाढली. कम्युनिस्टांचं राज्य बुडालं, दाढी वाढली. एका हुकूमशहाला त्याच्याच सैन्याने हाकललं, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "नाना, तो माणूस चांगला नव्हता हो!"

"नव्हताच. पण पडला ना?"

नाना एसटीत कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर त्यांनी जगाचंच वेळापत्रक हातात घेतलं. त्यांचा सिद्धांत असा: "जिंकणारा झेंडा लावतो, पण देश टिकतो तो पडलेला मुकाट घरी जातो म्हणून. त्याला कोणी विचारलं नाय, की निघाल्या बंदुका!" म्हणून निकालाच्या दिवशी ते पोह्याच्या पापडांचं पुडकं घेऊन पडलेल्या उमेदवाराकडे जातात. पक्ष कुठलाही असो. परिणामी प्रत्येक पक्ष त्यांना दुसऱ्या पक्षाचा समजतो.

यंदा आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि नानांच्या सौभाग्यवती, सुमनकाकू, उभ्या राहिल्या. निवडूनही आल्या. दारात ताशे, गुलाल आणि नाना गायब! "आज तरी माझ्या बाजूला उभं राहायचं होतं," म्हणत काकूंनी डोळे पुसले आणि मला पिटाळलं.

शोधायचं काय त्यात? मागच्या आळीत, काकूंच्या विरोधात पडलेल्या नलूताईंच्या ओट्यावर नाना बसले होते. पातेल्यात पन्नास माणसांचा चहा आणि प्यायला नाना एकटे. चौथा कप चालू होता.

"काकू रडतायत," मी म्हटलं.

नानांनी कप खाली ठेवला. "आमचे बाबा रोह्याकडे सरपंचकीला पडले, तेव्हा आईने असाच चहा टाकलेला. एक माणूस आला नाय. बाबा सारखे दाराशी जाऊन बघायचे. मी सात वर्षांचा. शेवटी मलाच म्हणाले, 'या, बसा.'"

नानांची थट्टा करण्यात माझी बरीच वर्षं गेली होती. मला माझीच लाज वाटली.

आम्ही दोघंही परतत नाही म्हटल्यावर काकू स्वतःच आल्या, ताशे मागे सोडून. नलूताई गडबडून उठल्या. काकूंनी पदराने कपाळावरचा गुलाल पुसला आणि नानांच्या शेजारी बसल्या.

"मला पण ओत गो, नलू. सकाळपासून घोटभर मिळाला नाय."